कॉम्पॅक्ट एसयूव्हीचे टायर बदलताय? कमी आवाजाचे, आरामदायी टायर कसे निवडायचे?

गाडी घेतली तेव्हा सगळं ठीक होतं. तीन-चार वर्षं झाली, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झाले आणि आता ऐंशीच्या पुढे वेग गेला की केबिनमध्ये सतत 'घुऽऽम' असा आवाज येतो. मागे बसलेल्या आई-बाबांशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. खड्ड्यातून चाक गेलं की धक्का थेट पाठीला जाणवतो. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, क्रेटा, सेल्टॉस यांसारख्या गाड्या वापरणाऱ्या अनेकांना पहिले टायर झिजत आले की हा अनुभव येतो.

मग टायरच्या दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, "आवाज न करणारा टायर आहे का?" दुकानदार दोन-तीन नावं सांगतो, किंमत सांगतो आणि दहा मिनिटांत निर्णय होतो. पण हा निर्णय पुढची चार-पाच वर्षं रोज सोबत राहणारा असतो. या गटातल्या गाडीच्या चार टायरचा खर्च ब्रँड आणि आकारानुसार साधारण तीस ते पन्नास हजार रुपयांच्या घरात जातो. शिवाय पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हेही याच निर्णयावर ठरतं.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी काही गोष्टी समजून घेऊया.

आवाज नेमका टायरचाच आहे का?

सगळ्यात आधी ही खात्री करा. कारण नवे टायर बसवूनही आवाज तसाच राहिला, तर पैसे गेले आणि त्रास कायम, अशी अवस्था होते.

गाडी धावताना येणाऱ्या घुमण्याच्या आवाजाची साधारण तीन कारणं असतात. टायरची रचना, टायरची वाकडीतिकडी झीज आणि चाकाचं बेअरिंग. यातला फरक घरच्या घरीही बऱ्यापैकी ओळखता येतो.

रस्ता बदलला की आवाज बदलतो का, ते बघा. सिमेंटच्या रस्त्यावर मोठा आणि गुळगुळीत डांबरी रस्त्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा टायरचा आवाज आहे. रस्ता कोणताही असो, आवाज तसाच राहत असेल आणि एका बाजूला हलकं वळण घेतल्यावर वाढत किंवा कमी होत असेल, तर बेअरिंगवर संशय घ्यायला हवा. खराब बेअरिंग हा सुरक्षेचा प्रश्न आहे, ते आधी दाखवून घ्या.

झीज तपासण्यासाठी टायरच्या पृष्ठभागावरून तळहात हळूच फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट दिशेने. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दातांसारखं लागत असेल, तर टायर असमान झिजलाय. अलाइनमेंट बिघडणं, टायरची अदलाबदल वेळेवर न होणं, शॉकअप किंवा सस्पेन्शनचे बुश खराब होणं ही त्याची नेहमीची कारणं आहेत. ती दुरुस्त न करता नवे टायर टाकले, तर काही हजार किलोमीटरनंतर नव्या टायरचीही तीच गत होते.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे हवा. बऱ्याच पेट्रोल पंपांवर गाडी कोणतीही असो, एकच आकडा लावून हवा भरली जाते. गाडीसाठी किती हवा योग्य, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा असेल, तर चांगला टायरही दगडासारखा वाटतो. टायर थंड असताना हवा मोजून, स्टिकरप्रमाणे भरून दोन दिवस गाडी चालवून बघा. काही जणांची अर्धी तक्रार इथेच मिटते.

टायर आवाज का करतो?

साधारण ४०-५० किलोमीटरच्या वेगाच्या पुढे मोटारीच्या एकूण आवाजात इंजिनपेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा वाटा मोठा होतो. हा आवाज वेगवेगळ्या मार्गांनी तयार होतो.

पहिला प्रकार ठोक्यांचा. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, म्हणजे ट्रेडवर, रबराचे छोटे ठोकळे असतात. चाक फिरताना प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. सगळे ठोकळे सारख्याच लांबीचे असते, तर ठोके एकाच लयीत पडून शिट्टीसारखा एकसुरी आवाज आला असता. म्हणून कंपन्या ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. आवाज पूर्ण जात नाही, पण तो विखुरतो आणि कानाला कमी टोचतो.

दुसरा प्रकार हवेचा. ट्रेडवरच्या खाचांमध्ये अडकलेली हवा रस्त्याला टेकताना दाबली जाते आणि सुटताना झटकन बाहेर पडते. टाळी वाजवताना तळव्यांमधली हवा जशी बाहेर फेकली जाते, तसंच. रुंद आणि मोठ्या खाचा असलेल्या टायरचा आवाज जास्त असतो, त्यामागे हे एक कारण आहे.

तिसरा प्रकार टायरच्या पोटातला. टायर आणि रिम यांच्यामधल्या पोकळीत हवेची एक गोल नळीच तयार झालेली असते. सोळा इंची चाकात या नळीचा घेर साधारण १.६ ते १.७ मीटर असतो. त्यामुळे धक्का बसला की ती २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यावरून किंवा पुलाच्या जोडावरून जाताना येणाऱ्या 'टंग' अशा पोकळ आवाजात या घुमण्याचा वाटा असतो.

आवाज केबिनमध्ये येतो तो दोन वाटांनी. काही हवेतून, म्हणजे काचा, दारं आणि चाकावरच्या मडगार्डच्या भागातून. काही कंपनांच्या रूपात, म्हणजे चाकातून सस्पेन्शनमध्ये आणि तिथून गाडीच्या पत्र्यात. टायर बदलून दोन्ही वाटांनी येणारा आवाज कमी होतो, पण गाडीतलं इन्सुलेशन कमी असेल तर त्याची भरपाई टायर करू शकत नाही. त्यामुळे लहान एसयूव्हीमध्ये मोठ्या सेडानसारखी शांतता मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हा प्रश्न जास्त जाणवतो. इंजिनचा आवाजच नसल्याने टायरचा आवाज झाकला जात नाही.

रस्त्याचा वाटा किती?

बराच मोठा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे प्रामुख्याने सिमेंट काँक्रीटचे रस्ते आहेत. घसरू नये म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर बारीक रेघा पाडलेल्या असतात. या रेघांवरून टायर वेगाने गेला की विशिष्ट पट्टीतला आवाज येतो. तोच टायर नव्या, बारीक खडीच्या डांबरी रस्त्यावर कितीतरी शांत वाटतो.

म्हणून मित्राने "माझे टायर एकदम शांत आहेत" असं सांगितलं, तर तो कोणत्या रस्त्यावर गाडी चालवतो, हेही विचारा. नाशिकच्या डांबरी रस्त्यावरचा अनुभव आणि नागपूर ते शिर्डी समृद्धीवर १२० च्या वेगाने केलेला प्रवास यांची तुलना होऊ शकत नाही.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

ब्रेझा, नेक्सॉन आणि व्हेन्यूच्या वरच्या मॉडेलमध्ये दिसणारा नेहमीचा आकार घेऊ: २१५/६० आर१६. बाजूला ९५एच असं लिहिलेलं असू शकतं.

• २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
• ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर.
• आर म्हणजे रेडियल रचना.
• १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये.
• ९५ हा भार निर्देशांक. याचा अर्थ एका टायरची क्षमता ६९० किलो.
• एच ही वेगाची खूण. कमाल ताशी २१० किलोमीटर. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०.

भार निर्देशांकाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ९५ ऐवजी ९१ चा टायर घेतला, तर एका टायरची क्षमता ६९० वरून ६१५ किलोवर येते. चार टायर मिळून हा फरक ३०० किलोचा होतो. पाच माणसं आणि गावाला जाताना भरलेली डिकी असेल, तर हे अंतर महत्त्वाचं ठरतं. नियम सोपा आहे: भार आणि वेग या दोन्ही खुणा कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी चालत नाहीत, जास्त चालतात. मूळ टायरवर 'एक्स्ट्रा लोड' असं लिहिलं असेल, तर नवा टायरही तसाच घ्या. बॅटरीमुळे जड असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हे विशेष पाहायला हवं.

आराम हवा असेल तर रिम मोठी करू नका

टायर बदलताना अनेकांना सोबत मोठ्या अलॉय व्हीलचा मोह होतो. गाडी भरदार दिसते, हे खरं. पण आरामाच्या बाबतीत हे उलट दिशेचं पाऊल आहे.

हिशोब करून पाहू. २१५/६० आर१६ टायरची भिंत १२९ मिलिमीटर उंच आणि चाकाचा एकूण व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर. त्याऐवजी सतरा इंची रिमवर २१५/५५ आर१७ टायर बसवला, तर एकूण व्यास ६६८ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास तेवढाच. पण भिंतीची उंची ११८ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा धक्का आधी पोटात घेणारी रबराची आणि हवेची गादी ११ मिलिमीटरने कमी झाली.

याचा परिणाम तीन ठिकाणी दिसतो. खड्डे जास्त जाणवतात, रिम वाकण्याची किंवा टायरच्या बाजूला फुगा येण्याची शक्यता वाढते आणि मोठ्या आकाराचा टायर सहसा महागही पडतो. गाडीच्या कंपनीने मान्य न केलेला आकार बसवला, तर वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात प्रश्न उपस्थित होऊ शकतात, हा मुद्दा वेगळाच.

शांत आणि मऊ प्रवास हवा असेल, तर कंपनीने दिलेला आकारच कायम ठेवणं हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. तुमच्या गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर देत असेल, तर तो पर्यायही विचारात घेता येतो. मात्र वरच्या मॉडेलचे ब्रेक त्या लहान रिममध्ये मावतात का, हे सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्यावं लागेल.

ट्रेड बघून काय ओळखायचं?

एसयूव्हीचे टायर ढोबळमानाने दोन गटांत मिळतात. एच/टी, म्हणजे हायवे टेरेन, हे पक्क्या रस्त्यासाठी. ए/टी, म्हणजे ऑल टेरेन, हे पक्का आणि कच्चा अशा दोन्ही रस्त्यांसाठी. ए/टी टायरवर मोठे, सुटे ठोकळे आणि रुंद खाचा असतात. दिसायला दणकट, पण पक्क्या रस्त्यावर आवाज जास्त आणि ओल्या डांबरावर पकड सहसा कमी.

शेतावर रोज जायचं असेल, गावचा रस्ता मुरमाचा असेल, तर ए/टीला अर्थ आहे. वर्षातून एकदा कोकणात किंवा भंडारदऱ्याला कच्च्या रस्त्याने जावं लागतं म्हणून वर्षभर तो आवाज ऐकण्यात अर्थ नाही.

दुकानात टायर समोर ठेवून या गोष्टी बघता येतात:

• मधोमध सलग रबरी पट्ट्या असतील, तर आवाज कमी राहण्याची शक्यता जास्त. सुटे ठोकळे जितके जास्त, तितके ठोके जास्त.
• आडव्या खाचा अरुंद आणि तिरक्या असतील तर चांगलं. रुंद आणि सरळ आडव्या खाचा आवाज वाढवतात.
• पाणी बाहेर टाकण्यासाठी तीन-चार खोल उभे चर हवेतच. शांततेच्या नादात यावर तडजोड नको.

अर्थात, ट्रेड बघून केवळ अंदाज येतो. रबराचं मिश्रण आणि आतली रचना डोळ्यांना दिसत नाही आणि आराम बराचसा त्यावरच ठरतो.

बाजारात कोणते पर्याय असतात?

बहुतेक कंपन्यांच्या यादीत साधारण चार प्रकार सापडतात: आरामाकडे झुकलेले, इंधन बचतीकडे झुकलेले, स्पोर्टी आणि दणकट. तुम्ही कोणत्या रांगेत उभे आहात, हे कळलं की गोंधळ निम्मा कमी होतो.

आरामाच्या रांगेत मिशेलिनची प्रायमसी, ब्रिजस्टोनची टुरान्झा, कॉन्टिनेन्टलची कम्फर्टकॉन्टॅक्ट, योकोहामाची ब्लूअर्थ ही नावं वारंवार ऐकू येतात.  देशी कंपन्यांमध्ये अपोलोची अ‍ॅप्टेरा क्रॉस कॉम्पॅक्ट एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवून आणलेली आहे. सिएटची सेक्युराड्राइव्ह, एमआरएफची वाँडरर आणि जेके टायरची रेंजर या मालिकाही याच गिऱ्हाइकासाठी आहेत. मात्र वाँडरर आणि रेंजर या नावांखाली रस्त्याचे आणि ए/टी असे दोन्ही प्रकार येतात. त्यामुळे निव्वळ मालिकेचं नाव सांगून टायर मागवू नका, पूर्ण नाव आणि आकार विचारा.

प्रत्येक मॉडेल प्रत्येक आकारात मिळतंच असं नाही. त्यात जून २०२० पासून केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' गटात टाकली आहे, म्हणजे परवान्याशिवाय ती करता येत नाही. त्यामुळे परदेशी समीक्षेत कौतुक झालेला टायर इथे तुमच्या आकारात मिळेलच, याची खात्री नसते. आधी तुमच्या आकारात काय उपलब्ध आहे त्याची यादी करा, मग त्यातून निवडा. उलट क्रमाने गेलात तर निराशा होते.

आतून फोम लावलेले टायर घ्यावेत का?

टायरच्या पोटातला २०० हर्ट्झचा घुमणारा आवाज कमी करण्यासाठी काही कंपन्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवतात. कॉन्टिनेन्टल याला कॉन्टीसायलेंट म्हणते, मिशेलिन अकूस्टिक म्हणते, पिरेलीचं पीएनसीएस आहे. हे तंत्र मुख्यतः महागड्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये दिसतं.

फोममुळे पोकळ 'टंग' आवाज कमी होतो. पण ट्रेडचा सततचा सळसळाट त्याने फारसा जात नाही. शिवाय पंक्चर काढणं थोडं किचकट होतं. रस्त्याकडेचा पंक्चरवाला बाहेरून स्ट्रिप घालून काम चालवतो, पण आतून पक्कं पॅच लावायचं तर त्या जागचा फोम कापून काढावा लागतो. पंक्चर हा नित्याचा अनुभव असलेल्या रस्त्यांवर हे लक्षात घ्यायला हवं. कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या नेहमीच्या आकारांत असे पर्याय मोजकेच आहेत. त्यांच्या मागे धावण्यापेक्षा चांगला साधा टायर घेणं बहुतेकांसाठी शहाणपणाचं.

आवाजाचा आकडा कुठे मिळतो?

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या टायरवर लेबल असतं. १ मे २०२१ पासून लागू झालेल्या नव्या नियमानुसार त्यावर इंधन बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशी श्रेणी, तर बाहेरच्या आवाजाला डेसिबलमधला आकडा आणि ए ते सी अशी श्रेणी दिलेली असते.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, डेसिबलचं गणित सरळ नाही. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जा जवळपास दुप्पट. म्हणजे ६९ आणि ७२ यांत 'फक्त तीनचा' फरक नाही. दोन, हा आवाज गाडीच्या बाहेर मोजलेला असतो. इंजिन बंद ठेवून ताशी ८० च्या आसपासच्या वेगाने गाडी पुढे जाऊ देतात आणि रस्त्याकडेच्या मायक्रोफोनवर आवाज टिपतात. केबिनमध्ये बसलेल्याला किती ऐकू येईल, हे त्यातून थेट कळत नाही.

भारतात २८ जून २०२२ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९५ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार टायरसाठी लोळण-प्रतिरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा बंधनकारक करण्यात आल्या. एआयएस-१४२ हे त्यामागचं मानक. पण मर्यादा पाळणं आणि गिऱ्हाइकाला आकडा दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात तुम्हाला दिसतो तो ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा तारांकित स्टिकर, तोही काही टायरवर. हे तारे इंधन बचतीचे आहेत, शांततेचे नाहीत. पाच तारे म्हणजे शांत टायर, असा अर्थ काढू नका.

एखादं मॉडेल त्याच नावाने आणि त्याच आकारात युरोपातही विकलं जात असेल, तर तिथलं लेबल इंटरनेटवर पाहता येतं. अंदाज म्हणून ते उपयोगी आहे. मात्र एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या देशांच्या कारखान्यांत तिथल्या रस्त्यांनुसार वेगळा बनवला जाऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

शांततेच्या बदल्यात काय सोडावं लागतं?

एकाच टायरमध्ये सगळं मिळत नाही. रबर मऊ असेल तर धक्के कमी लागतात, पकड चांगली मिळते, पण झीज लवकर होते. बाजूची भिंत लवचीक असेल तर आराम मिळतो, पण वळणावर गाडी किंचित सैल वाटते आणि धारदार खड्ड्यात भिंतीला इजा होण्याचा धोका वाढतो. खोल आणि रुंद चर पाणी पटकन बाहेर टाकतात, पण आवाज वाढवतात.

यातली शेवटची तडजोड सर्वांत गंभीर आहे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायर ते पाणी बाजूला सारू शकला नाही, तर गाडी पाण्याच्या थरावर तरंगते. स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. त्यामुळे दोन टायरमध्ये एक थोडा जास्त शांत आणि दुसरा ओल्यात जास्त विश्वासार्ह असेल, तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाचा विचार करून दुसरा निवडा. थोडासा आवाज सहन होतो, न थांबणारी गाडी परवडत नाही.

याच कारणाने, जुना टायर 'अजून चालेल' म्हणून ताणू नका. ट्रेडच्या चरांमध्ये अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. ही शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर तेव्हाच बदलणं चांगलं.

दुकानात गेल्यावर काय तपासायचं?

• उत्पादनाची तारीख: टायरच्या बाजूला चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वेळ जातो तसं रबर कडक होतं आणि कडक रबर जास्त आवाज करतं. शक्यतो सहा महिन्यांच्या आतला टायर मागा. चारही टायरची तारीख बघा, एकाच टायरवर समाधान मानू नका.
• आयएसआय खूण: भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर ती बंधनकारक आहे.
• बिल: त्यावर टायरचं पूर्ण नाव, आकार आणि शक्य असेल तर अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीसाठी तेच लागतं.
• कर: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. करापूर्वीची किंमत ७,००० रुपये असेल, तर टायर ८,९६० ऐवजी ८,२६० रुपयांना पडतो. चार टायरमागे २,८०० रुपयांची बचत. दर जुना लावलेला नाही ना, हे बिलावर पाहा.
• किमतीत काय धरलंय: बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह यांचे पैसे वेगळे आहेत का, ते आधीच विचारा. दोन दुकानांच्या दरातला फरक बऱ्याचदा यातच लपलेला असतो.

शक्य झालं तर निवडलेले टायर असलेल्या, तुमच्याच मॉडेलच्या ओळखीतल्या एखाद्या गाडीत बसून फेरी मारा. ते टायर किमान दहा हजार किलोमीटर चाललेले असतील तर उत्तम. नवा असताना जवळपास प्रत्येक टायर शांत वाटतो. खरा प्रश्न तो झिजत गेल्यावर किती शांत राहतो, हा आहे.

दोनच बदलले तर चालतील का?

आवाज आणि आराम हाच हेतू असेल, तर चारही एकत्र बदलणं योग्य. दोन जुने टायर गुरगुरत राहिले, तर नव्यांचा फायदा कळतच नाही. बजेट नसेल, तर एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही सारखेच घ्या. एका बाजूला एक कंपनी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, असं करू नका.

आणि दोनच घेतले तर नवे टायर मागे बसवावेत, असा टायर कंपन्यांचा सल्ला असतो. अनेकांना हे उलटं वाटतं, कारण गाडी पुढच्या चाकांवर चालते. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सामान्य चालकाला फार अवघड जातं.

बसवल्यानंतरची काळजी

नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा. कारखान्यातल्या साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला गुळगुळीत थर निघून जायला तेवढं अंतर लागतं. त्याआधी पकड पूर्ण मिळत नाही.

त्यानंतर शांतता टिकवण्यासाठी तीन सवयी पुरेशा आहेत. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी थंड टायरमध्ये हवा तपासणं. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे बदलणं. मोठ्या खड्ड्यात जोरात आपटल्यावर अलाइनमेंट बघून घेणं. असमान झीज सुरू झाली की महागडा शांत टायरही स्वस्त टायरसारखा गुरगुरायला लागतो.

पाच वर्षांनंतर, ट्रेड शिल्लक असला तरी, दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या. कमी चालणाऱ्या गाड्यांमध्ये टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या, तर तो बदलायची वेळ आली आहे. डिकीतल्या स्टेपनीलाही हाच नियम लागू.

थोडक्यात सांगायचं तर

आधी हवा, अलाइनमेंट आणि बेअरिंग तपासा. कंपनीने दिलेला आकार, भार आणि वेगाची खूण बदलू नका. रोजचा रस्ता पक्का असेल तर ए/टी टाळा आणि आरामाच्या मालिकेतला, ताज्या तारखेचा, ओल्या रस्त्यावर भरवशाचा टायर घ्या. एवढं केलं तर फरक नक्की जाणवतो. सिमेंटच्या महामार्गावरचा आवाज पूर्ण थांबणार नाही. पण मागच्या सीटवर बसलेल्यांशी आवाज न चढवता बोलता येईल, आणि पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबेल.